बाशमुहंदिस वगदींची नवी आवृत्ती

नकाशे काढायचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, हे बाशमुहंदिस वगदी शाकिर यांना त्या सॉफ्टवेअरने कधीच जाणवू दिलं नव्हतं. जाणवून दिलं ते सरकारी कार्यालयाच्या दाराने. मिन्यत तूत गावाच्या बांधकाम परवाना खात्याच्या दारावर एका सकाळी कागद चिकटलेला दिसला: यापुढे घरांचे नकाशे ‘नवीन आवृत्ती’तलेच स्वीकारले जातील. कशाची आवृत्ती, किती नवीन आणि कशासाठी, असले क्षुल्लक तपशील त्यात नव्हते. चिकटपट्टी मात्र चारही कोपऱ्यांना लावलेली होती. सरकारचा निर्धार त्यावरून कळत होता.

गावात बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनिअरसाहेब, ही पदवी नळवाल्यापासून पंखा बसवणाऱ्यापर्यंत कोणालाही फुकट मिळते. वगदींनी ती मिळवायला विद्यापीठात पाच वर्षं घातली होती, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर फ्रेम केलेली ती पाच वर्षं. त्या कॉम्प्युटरातली आवृत्ती त्यांची मुलगी जन्मली त्या सुमाराला घरात आली. मुलगी लग्न होऊन अलेक्झांड्रियाला गेली, आवृत्ती तिथेच राहिली. ती मुळात आली कुठून, हे सभ्य माणसाच्या घरात विचारत नाहीत.

एरवी त्यांनी दारावरच्या कागदाकडे दुर्लक्षच केलं असतं. सरकारी कागदाला उन्हात आठवडाभर ठेवलं की तो आपोआप गळून पडतो, हा त्यांचा अनुभव होता. पण त्या वेळी हाताशी हाग्गा इन्साफचं काम होतं. हज करून आल्यापासून हाग्गा म्हणवणारी इन्साफ म्हणजे कापडबाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाची मालकीण. नवरा वारल्यावर तिने दुकान दुप्पट केलं आणि बोलणं निम्मं. तिला दोन मुलं, दोन सुना आणि नदीकाठी एक रिकामा प्लॉट. तळमजला स्वतःला, वर दोन फ्लॅट दोन मुलांना. सोपं काम. फक्त पुढच्या फ्लॅटला नदीवरचं उत्तरेचं वारं येणार होतं, आणि मागच्या फ्लॅटला शेजारच्या कोंबडीवाल्याचं. पुढचा कोणाचा यावर त्या घरात आख्खा हिवाळा भांडण चाललं. शेवटी मामा मध्ये पडला. मोठा मुलगा हिल्मी आणि त्याची बायको गादा यांना पुढचा फ्लॅट. धाकटा आशरफ आणि त्याची बायको नेर्मीन यांना मागचा फ्लॅट, आणि भरपाई म्हणून वरची गच्ची. वगदींनी दोन्ही फ्लॅटवर नावं ठळक अक्षरांत लिहून टाकली. वर्षभरात हातात आलेलं एवढं एकच धड काम, ते एका कागदाच्या चिटोऱ्यापायी अडून चालणार नव्हतं.

म्हणून वगदींनी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं, की सॉफ्टवेअर रीतसर, कंपनीकडून, पैसे देऊन घ्यायचं.

हे त्यांनी जिन्यात शेजारच्या मुनीरला सांगितलं, ही पहिली चूक. उस्ताज मुनीर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. जिथे जिथे तार असते तिथला सल्ला आपण देणं लागतो, अशी त्याची समजूत होती. आता तारा राहिल्या नाहीत, पण सल्ले राहिले. ‘पैसे देऊन’ हे शब्द ऐकून त्याने हातातली फूलची, म्हणजे शिजवलेल्या वालांची, पिशवी खाली ठेवली आणि वगदींची तब्येत विचारली. तासाभरात आख्ख्या इमारतीला कळलं, की बाशमुहंदिस कंपनीकडून पावती घेणार आहेत. खालचा इस्त्रीवाला त्या दिवसापासून त्यांच्याकडे दयेने बघायला लागला.

कंपनीने पहिला धक्का दिला तो असा, की सॉफ्टवेअर आता ती विकत नाही. भाड्याने देते. वर्षाचं वर्ष भाडं भरायचं, नाही भरलं तर कुलूप. वगदींना हे वाचून खरोखर लागलं. ज्या फ्लॅटमध्ये बसून ते हे वाचत होते, तो त्यांच्या वडिलांनी जुन्या भाडेकायद्यात घेतलेला. त्याच्या महिन्याच्या भाड्यात हल्ली किलोभर पेरू येत नाहीत. घरमालक त्यांना काढता काढता म्हातारा झाला, वारला, आणि आता त्याचा मुलगा म्हातारा होत होता. भाडेकरू म्हणजे काय चीज असते हे ज्या माणसाने दोन पिढ्यांना दाखवलं, त्यालाच भाडेकरू व्हायची पाळी आली.

“त्यांना लिही, जुन्या भाड्याने द्या म्हणावं,” मुनीरने सुचवलं. तो विनोद करत नव्हता.

मग बँक. परदेशी चलनात पैसे पाठवायचे म्हटल्यावर बँकेतल्या माणसाने वगदींना आतल्या खोलीत बसवलं आणि चहा न विचारता प्रश्न विचारले. हे कोणाला देणार, कशासाठी, हे विकत घेतात का, त्याच्या भाच्याकडे तर ते फुकट आहे. प्रामाणिकपणे वागणाऱ्या माणसाला सगळीकडे असं संशयाने बघतात, हे वगदी घरी येऊन बायकोला सांगू लागले. त्यांची बायको सफिनाझ शाळेत भूगोल शिकवायची. ती मुलूखियाची पालेभाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “आणि एवढी वर्षं कसं बघत होते?” वगदींनी विषय बदलला.

पैसे शेवटी गेले. आता ते सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं होतं. ते केवढं असावं, तर घरच्या महिन्याभराच्या पॅकेजने अर्ध्यातच राम म्हटला. सफिनाझ बघत असलेल्या मालिकेतली नायिका कोर्टात उभी राहून तोंड उघडते न उघडते तोच गोठली, आणि महिनाअखेरपर्यंत तशीच उभी राहणार हे स्पष्ट झालं. सफिनाझने रात्रीच्या जेवणात फक्त फूल वाढलं. दुसऱ्या दिवशीही.

नाइलाजाने वगदींनी मुनीरच्या घरचं इंटरनेट उसनं मागितलं. मुनीरने मोठ्या मनाने दिलं, आणि आपलं इंटरनेट कुठे चाललंय ते पाहायला खुर्चीही घेऊन आला. ती खुर्ची पुढे वगदींच्या ऑफिसातच राहिली.

उतरवून झाल्यावर सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि इथे राहायला नकार दिला. कॉम्प्युटर फार जुना. मग नवा कॉम्प्युटर आला. नव्या कॉम्प्युटरने प्रिंटरला ओळख दाखवली नाही, म्हणून प्रिंटर बदलला. नवा प्रिंटर टेबलावर मावेना, म्हणून टेबल. नवं टेबल खोलीत मावेना, तेव्हा सफिनाझच्या आईने लग्नात दिलेलं कपाट जिन्यात गेलं आणि सफिनाझ दोन दिवस बहिणीकडे. एक अक्षर लिहिलं न जाता वगदींच्या ऑफिसची संपूर्ण नवी आवृत्ती तयार झाली. जुनी राहिली होती ती फक्त दोन माणसं, आणि त्यातला एक शेजारचा होता.

“आता जुनं सगळं पुसून टाक,” मुनीर म्हणाला. “दोन आवृत्त्या एका घरात नांदत नाहीत. दोन सुनांसारखं असतं ते.”

त्याच्या आयुष्यभराच्या सल्ल्यांत वगदींनी ऐकलेला हा पहिलाच. त्यांनी जुना कॉम्प्युटर कोरा करून भंगारवाल्याला दिला.

नव्या आवृत्तीत हाग्गाचा नकाशा उघडला तेव्हा मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. भिंती जिथल्या तिथे, खिडक्या, जिना, मोऱ्या, सगळं जागेवर. रेषा तर जुन्यापेक्षा सुबक. त्याच आनंदात त्यांनी चष्मा न लावता छापायचा हुकूम दिला, सुरळी केली, कोट घातला आणि हाग्गाकडे निघाले. ठरलेलं होतं, की परवान्याला जाण्याआधी सगळ्यांनी एकदा नकाशा बघायचा आणि होकार द्यायचा.

हाग्गाच्या दिवाणखान्यात सगळे जमले होते. हिल्मी आणि गादा एका सोफ्यावर, आशरफ आणि नेर्मीन समोरच्या, मध्ये हाग्गा आणि पुदिन्याचा चहा. वगदींनी तंत्रज्ञानाच्या प्रगतीवर चार शब्द बोलून घेतले आणि सुरळी उलगडली.

पुढच्या फ्लॅटवर लिहिलं होतं: ????? ???? ?????. मागच्या फ्लॅटवर लिहिलं होतं: ???? ???? ?????. बैठकीची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, बाल्कनी, जिथे म्हणून अक्षर होतं तिथे प्रश्नचिन्ह होतं. जुन्या आवृत्तीत त्यांनी जे अरबी अक्षरवळण वापरलं होतं ते नव्या आवृत्तीच्या ओळखीचं नव्हतं. एकेका अक्षराच्या जागी तिने इमानदारीने एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. खालच्या कोपऱ्यात नकाशा काढणाऱ्याचं नाव असतं. तिथे लिहिलं होतं: इंजिनिअर ???? ????. तेवढा ‘इंजिनिअर’ शब्द त्यांनी इंग्रजीत लिहिलेला होता म्हणून वाचला.

नेर्मीनने बशी टेबलावर ठेवली.

“म्हणजे अजून ठरलेलं नाही,” ती म्हणाली. आवाजात पहाटेचं वारं होतं, नदीवरचं.

गादाने नवऱ्याकडे पाहिलं. “आपलं नाव होतं इथे. कोणी पुसलं?”

वगदी घाईघाईने समजावायला लागले, की नाव कोणी पुसलेलं नाही, हे आवृत्तीचं काम आहे. गादाने विचारलं, ही आवृत्ती कोण, आणि आमच्या घरात तिचं काय काम. हिल्मी म्हणाला, मामांच्या समोर ठरलंय. आशरफ म्हणाला, मामांच्या समोर ठरलं तेव्हा कोंबडीवाल्याकडे एवढ्या कोंबड्या नव्हत्या. नेर्मीनने शांतपणे दाखवून दिलं, की पुढच्या फ्लॅटवर जास्त प्रश्नचिन्हं आहेत, त्याअर्थी त्याच्याबद्दल इंजिनिअरसाहेबांनाच जास्त शंका आहे. आख्ख्या हिवाळ्याचं भांडण चहा निवायच्या आत परत जागेवर आलं, आणि चारही जण मधूनमधून वगदींकडे बोट दाखवून बोलू लागले. तीस वर्षांच्या व्यवसायात वगदींच्या नकाशाकडे लोकांनी एवढ्या बारकाईने कधी पाहिलं नव्हतं.

हाग्गाने मात्र नकाशा स्वतःकडे ओढला, चष्मा लावला, आणि एकेका प्रश्नचिन्हावरून बोट फिरवत नेलं. मग तिने मुलांना आणि सुनांना घरी जायला सांगितलं. माझं अजून काही ठरलेलं नाही, एवढंच म्हणाली. चौघं चपला घालून गेले. जाताना गादाने सासूचा हात हातात घेतला, ते पाहून नेर्मीनने दुसरा घेतला.

वगदी उभ्याउभ्या क्षमा मागू लागले. दोन दिवसांत दुरुस्त करून आणतो, आयुष्यात असं कधी झालं नव्हतं, माझ्या नावावर डाग लागला, वगैरे.

“बस,” हाग्गा म्हणाली. “असाच परवान्याला दे.”

“असाच? हाग्गा, ही प्रश्नचिन्हं आहेत.”

“मला वाचता येतं, बाशमुहंदिस.”

रात्रभर वगदींना झोप आली नाही असं ते पुढे सांगत. सफिनाझच्या म्हणण्याप्रमाणे ते घोरत होते. ते काहीही असो, सकाळी त्यांनी मनाशी ठरवलं, की नकाशा द्यायचा. खातं तो तोंडावर फेकणारच, मग हाग्गाला सांगता येईल की सरकार प्रश्नचिन्हं घेत नाही, आणि नावं परत लिहिता येतील. सरकारी खात्याच्या खडूसपणावर त्यांचा एवढा विश्वास याआधी कधी नव्हता.

परवाना खात्यात मदाम करीमा बसायच्या. त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण होतं आणि झाकणावर कॅक्टसची कुंडी. त्यांनी कुंडी उचलली, झाकणाची घडी घातली आणि वगदींनी दिलेली फाईल उघडायला घेतली. पडद्यावर एक चौकट आली. ही फाईल नव्या आवृत्तीत तयार केलेली आहे, या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत उघडता येणार नाही.

नवीन आवृत्ती मागणाऱ्या खात्याकडे ती नव्हती. वगदींना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मदाम करीमांनी ती चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मान डोलावली आणि म्हणाल्या, “नव्या आवृत्तीत आहे. छान.”

“पण ती उघडत नाहीये, मदाम.”

“उघडत नाही म्हणूनच ना. जुनी असती तर उघडली असती.”

पाच वर्षांच्या विद्यापीठात हा युक्तिवाद शिकवलेला नव्हता. शेवटची आशा म्हणून वगदींनी छापील नकाशा पुढे सरकवला आणि स्वतःच बोट ठेवून प्रश्नचिन्हं दाखवली. मदाम करीमा क्षणभर अडखळल्या. शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून ऐकत होते. पुढच्याच क्षणी त्या सावरल्या. “माहिती आहे,” त्या म्हणाल्या. “नव्या आवृत्तीत असंच येतं.” आणि त्यांनी शिक्का मारला. शेजारच्या कारकुनाने मान डोलावली. त्यालाही माहिती होतं.

परवाना महिन्याभरात आला. खात्याच्या इतिहासात इतक्या लवकर आलेला हा पहिलाच, कारण त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

पाया खोदला गेला, पिलर उभे राहिले. कोणाचा फ्लॅट कुठला याच्याशी गवंड्याला कर्तव्य नव्हतं. हाग्गाच्या घरी मात्र भलतंच चालू होतं. रविवारी गादा वेलीच्या पानांत भात भरून आणायची. सोमवारी नेर्मीन भरलेलं बदक घेऊन हजर. गादाने सासूच्या गुडघ्याला तेल लावलं, तर नेर्मीन तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोघी एकमेकींशीही गोड बोलायला लागल्या, कारण दुसरीने सासूला काय दिलं ते कळल्याशिवाय आपण काय द्यायचं ते ठरत नसे. आणि हाग्गा दोघींनाही एकच सांगायची, बघू, नकाशात अजून काही लिहिलेलं नाही.

वगदींना यातलं काही माहीत नव्हतं. ते आपल्या नावावरचा डाग पुसायच्या मागे होते. कंपनीच्या मदतकेंद्राला त्यांनी पत्रांमागून पत्रं पाठवली. मदतकेंद्राने प्रत्येक वेळी अत्यंत नम्रपणे विचारलं, की आपण कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला का. मुनीरचं म्हणणं असं, की हिंदुस्तानातून उत्तरं देणारे लोक आहेत, हुशार असतात, त्यांचं ऐक. वगदींनी ऐकलं. बंद केला, चालू केला. प्रश्नचिन्हं तशीच.

मग एका सकाळी सॉफ्टवेअरने न विचारताच स्वतःला सुधारून घेतलं. वगदी चहा घेऊन आले तर पडद्यावर पट्टी सरकत होती. पट्टी संपली आणि नकाशातली सगळी अक्षरं जिथल्या तिथे प्रकटली. पुढचा फ्लॅट: हिल्मी. मागचा फ्लॅट: आशरफ. कोपऱ्यात: इंजिनिअर वगदी शाकिर. वगदींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, छापलं, आणि कोट चढवून थेट बांधकामावर गेले.

हाग्गा वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या एका बाजूला गादाने आणलेला डबा होता, दुसऱ्या बाजूला नेर्मीनने आणलेला. वगदींनी विजयी मुद्रेने नकाशा उलगडला. हाग्गाने तो वाचला, शांतपणे परत गुंडाळला आणि त्यांच्या बगलेत खोचला.

“तुला कोणी दुरुस्त करायला सांगितलं होतं?” ती म्हणाली. “मी जिवंत आहे तोवर तो पहिला नकाशाच बरोबर आहे. आणि हा कोणाला दाखवलास तर पुढचं काम दुसऱ्याला जाईल.”

वगदी त्या दिवशी घरी आले ते जेवले नाहीत. तीस वर्षं नकाशे काढले, आणि बरोबर नकाशा नेल्यावर गिऱ्हाईक रागावतं, हे त्यांच्या बुद्धीच्या पलीकडचं होतं. सफिनाझने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच या प्रकरणात मनापासून हसली. सुनांची सासू होण्यासाठी तिला मुलगा नव्हता, त्याचं तिला जरा वाईटही वाटलं असावं.

पण खरी गंमत पुढेच झाली. दोन दिवसांनी दारात एक म्हातारी आली, पिठाच्या गिरणीवाल्यांची आई. तिला तीन सुना. आपल्यालाही घर बांधायचंय, म्हणाली, आणि नकाशा हाग्गा इन्साफसारखा हवाय. वगदींनी वहीपेन घेतलं आणि नदीकडचं तोंड, खोल्यांची मापं विचारायला लागले. म्हातारीने हात उडवला. खोल्या कशाही असू देत, नावांच्या जागी ते हवंय. तिच्यामागून मासळीवाल्यांची हाग्गा आली, मग निवृत्त मुख्याध्यापिका. वर्षभरात एक काम मिळवताना ज्यांच्या चपला झिजल्या, त्यांच्या दारात सगळ्या गावच्या सासवा रांगेने बसल्या. वगदी प्रत्येकीला समजावत, की तो दोष होता, चूक होती, आता दुरुस्त झालीय. चूक दुरुस्त झाल्याचं ऐकून बायकांचे चेहरे उतरत. शेवटी सफिनाझने बाहेर येऊन त्यांना सांगितलं, की काम होईल.

पण होणार कसं? नवी आवृत्ती आता अरबी अस्खलित वाचत होती. काहीही केलं तरी एक प्रश्नचिन्ह चुकून येईना. ज्या कामासाठी बँक, कॉम्प्युटर, प्रिंटर, टेबल आणि सासूबाईंचं कपाट यांची आहुती पडली, ते आता बिनचूक चालत होतं आणि त्यामुळे निरुपयोगी होतं.

तेव्हा बाशमुहंदिस वगदी शाकिर नव्या टेबलाशी बसले आणि गिरणीवाल्यांच्या नकाशात हाताने, एकेक करून, प्रश्नचिन्हं टाइप करू लागले. मुनीर खुर्चीत बसून देखरेख करत होता. मोठ्या सुनेला जास्त पडली, धाकटीला दोन कमी आहेत, तिला वाईट वाटेल, असं सुचवत होता. वगदी मुकाट्याने दोन वाढवत होते. असं करत ते खालच्या कोपऱ्यात आले, जिथे काढणाऱ्याचं नाव असतं, आणि तिथे त्यांचं बोट थांबलं.

“तिथेही तेच टाक,” मुनीर म्हणाला. “उद्या भिंतीला तडा गेला तर कोणाला शोधतील?”

मुनीरच्या आजवरच्या सल्ल्यांत खरोखर उपयोगी असा हा एकच होता, हे वगदींना मान्य करावं लागलं. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि लिहिलं: इंजिनिअर वगदी. पुढे वडिलांचं नाव लिहिलं, त्यापुढे आजोबांचं, त्याखाली घरचा पत्ता आणि फोन नंबर. अक्षर एवढं मोठं घेतलं की आख्ख्या कागदावर तेवढंच वाचता येत होतं.